एकतीस नंबरची नळी

१

एकतीस नंबरच्या नळीत भलत्याच माणसाचं फुप्फुस निघालं आणि छातीच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांची पाचावर धारण बसली.

तुकडा होता तांदळाच्या दाण्याएवढा. टीबीनं किंवा टीबीच्या जंतूच्या भाऊबंदांनी पोखरलेली फुप्फुसं कापून काढली की त्यांचे असले दाणे इथं येत. ते फ्रीजमध्ये उणे ऐंशी अंशांवर ठेवायचे, सवडीनं विरघळवायचे आणि त्यांतली प्रथिनं एका मोठ्या यंत्रावर वाचायची. कुठलं प्रथिन माणसाचं, कुठलं जंतूचं आणि फुप्फुसाला भोक पाडणारं नेमकं कुठलं, हे शोधायचं काम. चाळीस रुग्ण, प्रत्येकाच्या दोन नळ्या.

एकतीस नंबर म्हणजे पोहण्याच्या तलावावर काम करणारा चोवीस वर्षांचा मुलगा. दोन वर्षं टीबीच्या गोळ्या गिळून, इंजेक्शनांनी बहिरा होऊन, फुप्फुसाचा भाग कापून देऊनही तो गेल्या वर्षी गेला. त्याची पहिली नळी वाचली तेव्हा यंत्र म्हणालं, हा टीबी नव्हेच. हा टीबीच्या जंतूचा चुलतभाऊ, कोमट पाण्यात आणि वाफेत राहणारा, टीबीच्या गोळ्यांना भीक न घालणारा. दुसरी नळी वाचली तेव्हा तेच यंत्र म्हणालं, टीबीच.

यंत्राचं चुकलं म्हणून सोडून देता आलं असतं. पण माणसामाणसाच्या प्रथिनांतही बारीक फरक असतात, आणि यंत्र चालवणाऱ्या संशोधकानं ते ताडून पाहिले. दोन नळ्यांत दोन वेगळी माणसं होती. त्यांतला तलावावरचा मुलगा कुठला, हे सांगायला काही उरलं नव्हतं. दोन्ही दाणे विरघळून संपले होते. त्याच्या फुप्फुसाचा मेणात जपलेला ठोकळाही वर्षापूर्वीच कापून संपला होता. आईच्या रक्ताशी ताडायचं तर बाहेरची प्रयोगशाळा तीन महिने मागत होती.

मेलेल्या मुलासाठी एवढी धावपळ कुणी केली नसती. पण त्याला धाकटी बहीण होती. वय एकोणीस, त्याच तलावावर कामाला, आणि तिला तोच खोकला लागला होता. खोकला कोरडा. थुंकीच पडेना, तर तपासणार काय? भावाच्या फायलीत टीबी लिहिलाय म्हणून तिलाही सात महिने टीबीच्याच गोळ्या आणि इंजेक्शनं चालू होती. तिचे कपडे अंगावर लोंबायला लागले होते, डोळे पिवळे पडले होते आणि आठवडाभर कानात शिट्टी वाजत होती. भावाचंही असंच सुरू झालं होतं.

खरी नळी कुठली हे कळलं, तरच तिच्या गोळ्या बदलणार होत्या.

२

संचालकांनी चाळणीबाईंना बोलावून घेतलं. बाई निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. हे यंत्र त्यांनीच बसवून घेतलं होतं. कुठलीही गोष्ट, मग ती प्रथिनांची यादी असो की जेवणाच्या सुट्टीतली कुजबुज, चाळल्याशिवाय आत घ्यायची नाही अशी त्यांची खोड, म्हणून विद्यार्थ्यांनी हे नाव पाडलं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

"तसा मामला सरळ आहे," संचालक म्हणाले. "फ्रीजची किल्ली एकाच माणसाकडे. त्याला कारणे दाखवा नोटीसही दिलीय. तुम्ही फक्त अहवाल लिहा, बाई. तुमच्या सहीला वजन आहे."

"सही वजनदार आहे म्हणूनच ती लगेच उचलत नाही," बाई म्हणाल्या आणि तळघरात उतरल्या.

किल्लीवाला माणूस म्हणजे फ्रीजकाका. बाईंपेक्षा नऊ वर्षांनी लहान, तरी बाईही त्यांना काकाच म्हणायच्या. एकतीस वर्षं हा माणूस थंडीत बसून दुसऱ्यांची फुप्फुसं सांभाळत होता. शस्त्रक्रियेतून तुकडा आला की तो खळबळून धुवायचा, वरचा थर पात्यानं खरवडून टाकायचा, आतल्या भागाचे दाणे पाडायचे आणि नळ्यांत भरायचे. हे सगळं काका एकटेच करत. अंगात पांढरा कोट आणि कोटाच्या बाह्यांतून चार बोटं बाहेर आलेला राखाडी स्वेटर.

"अजून हाच का?" बाईंनी विचारलं.

"बायकोनं विणलाय. मापाला तिचा भाऊ उभा केला होता, तो ताडमाड. बाह्या मला पुरून उरल्या." काका हसले आणि लगेच गंभीर झाले. "प्रयोगशाळेत लोकर नको म्हणून सगळे ओरडतात. पण इथं बसून बघा म्हणावं तासभर."

"दुसरी नळी काढली त्या दिवशी काय झालं?"

"बारा वाजता दुसरी नळी काढली. बर्फाच्या डब्यात घालून बाहेरच्या टेबलावर ठेवली. दोन वाजता यंत्रावरचा तो पोरगा घेऊन गेला. नेहमीची पद्धत."

"म्हणजे दोन तास डबा उघड्यावर होता."

"एकतीस वर्षं असतोय, बाई." काकांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली. "खरं सांगू? चार रात्री डोळ्याला डोळा नाही. वाटतं, नळ्या भरताना माझ्याच हातून अदलाबदल झाली असेल. ती पोरगी रोज वरच्या बाकावर बसलेली दिसते. माझ्यामुळे असेल तर मला नोकरीवरून काढाच."

इतक्या प्रामाणिक माणसावर दोष ढकलणं किती सोपं असतं, हे बाईंना पहिल्यांदाच जाणवलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

३

सर्जन हात धुता धुताच बोलले. त्यांना बसून बोलायची सवयच नव्हती.

"मी कापतो आणि ट्रेमध्ये टाकतो. पुढं कोण काय करतं ते मला विचारू नका. ट्रेभोवती निम्मं इस्पितळ गोळा होतं. संशोधक येतो, विद्यार्थी येतात, तुमच्या मॅडम येतात."

"दुसरी नळी वाचली त्या दिवशी शस्त्रक्रिया होती?"

"सकाळी एक होती. टीबीची बाई, डावा वरचा भाग." त्यांनी पांढरे रबरी हातमोजे ओढून काढले आणि बादलीत फेकले. "मला विचाराल तर तुमच्या त्या पोराला पकडा. त्याला प्रबंध संपवायची घाई आहे."

तो पोरगा म्हणजे यंत्र चालवणारा संशोधक. बोलताना हवेत बोटानं आलेख काढायची सवय, म्हणून नाव आलेख. बाई आल्या तसा तो खुर्चीतून उठला आणि बसायचंच विसरला.

"तुला टीबीचे किती रुग्ण हवे होते?" बाईंनी विचारलं.

"तीस." त्याचं बोट हवेत वर गेलं. "एकतीस नंबर धरला तर तीस होतात. नाही धरला तर एकोणतीस." बोट खाली आलं. "मला माहितीय हे कसं दिसतं ते."

"वाईट दिसतं. शस्त्रक्रियेतून बर्फाचा डबाही तूच आणतोस. त्या सकाळी टीबीचा ताजा तुकडा तुझ्या हातात होता आणि दुपारी नळीही तुझ्याच हातात."

"मग संचालकांना पत्र मीच का लिहीन, बाई? दोन माणसं वेगळी आहेत हे मी बोललो नसतो तर कुणाला कळलं असतं?"

मुद्दा बिनतोड होता. पण बाईंनी आयुष्यात स्वतःच चोरी करून स्वतःच ओरडणारेही पाहिले होते.

"पहिली नळी वाचल्यावर कुणाकुणाला सांगितलंस?"

"फक्त मॅडमना. त्या म्हणाल्या, घाई नको, दुसरी नळी वाच आणि मग बोलू."

४

मॅडम म्हणजे विभागप्रमुख. मुलाला आणि आता बहिणीला औषध त्यांचंच. कधीकाळी त्या बाईंच्या वर्गात पहिल्या बाकावर बसत आणि बाईंनी प्रश्न पुरा करण्याआधी उत्तर देत.

"या ना, बाई. चहा?"

"चहा नको. थुंकी लाल रंगवली की सूक्ष्मदर्शकाखाली टीबी आणि त्याचा चुलतभाऊ सारखेच दिसतात. दोघांच्याही लाल काड्या. हे तुला मीच शिकवलं होतं ना?"

"तुम्हीच." मॅडमनी काळ्या बाहीवरचा एक लांब पांढरा केस चिमटीत धरून टोपलीत टाकला. "घरच्या महाराणीचा प्रसाद. माझ्या मांडीवर झोपल्याशिवाय मला बाहेर पडू देत नाही."

"मग मुलाची नुसती काड्यांवरच परीक्षा झाली?"

"रोज दीडशे रुग्ण तपासते मी. काड्या दिसल्या की टीबी. शंभरात पंच्याण्णव वेळा तो टीबीच असतो." मॅडमचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "काकांचं वय झालंय, बाई. नळ्या इकडच्या तिकडे होतात. कुणालाच दोष देऊ नये."

दोष देऊ नये म्हणताना दोष मात्र काकांच्याच पदरात पडला होता. बाई जिना उतरताना बाकावर बसलेली मुलगी दिसली. आई तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोलत होती.

५

"कचरा दाखव," बाई आलेखला म्हणाल्या.

"कसला कचरा?"

"यंत्र जो आपणहून गाळून टाकतं तो."

प्रत्येक नमुन्यात न बोलावलेली प्रथिनं येतातच. माणसाची कातडी, कपड्यांचे धागे, धुळीतलं काहीबाही. संगणकाला ती ठाऊक असतात. तो ती आधीच बाजूला काढतो आणि उरलेली स्वच्छ यादी दाखवतो. बाजूला काढलेली यादी कुणी वाचत नाही. वाचायचं कारणही नसतं.

आलेखनं चाळीस रुग्णांच्या नळ्यांच्या कचऱ्याच्या याद्या उघडल्या. बाईंनी चष्मा पुसला आणि एकेक वाचायला घेतली. दहावी झाली, विसावी झाली. पडद्यावर प्रत्येक यादीत एक ओळ हटकून येत होती.

"मेंढीची लोकर," आलेख कंटाळून म्हणाला. "काकांचा स्वेटर. सगळीकडे असते ती."

"सगळीकडे?"

"प्रत्येक नळीत. दाणे पाडताना बाह्या घासतात ना."

"एकतीसच्या पहिल्या नळीत?"

त्यानं पाहिलं. "आहे."

"दुसऱ्या?"

आलेखचं बोट हवेतच राहिलं. त्यानं यादी वरून खाली पाहिली, मग पुन्हा खालून वर.

"नाही, बाई. लोकर नाही."

एकतीस वर्षं सगळे ज्या स्वेटरवरून काकांना बोलत आले, त्याच स्वेटरनं त्यांना वाचवलं होतं. काकांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक दाण्यात लोकर होती. दुसऱ्या नळीतला दाणा काकांनी पाडलाच नव्हता. तो तळघरातल्या फ्रीजमध्ये कधी गेलाच नव्हता. मुलगा होता पहिल्या नळीत.

"आणि दुसऱ्या नळीत आणखी काय आहे?" बाईंनी विचारलं.

"रबर. झाडाच्या चिकापासूनचं. पण आपण इथं निळे हातमोजे वापरतो, त्यांत हे नसतं."

"सर्जनचे पांढरे असतात त्यांत असतं. तुकडा शस्त्रक्रियेतून येताना ते लागूनच येतं. काका वरचा थर खरवडतात, तेव्हा ते निघून जातं. हा दाणा खरवडलेलाच नाही. ट्रेमधून सरळ नळीत गेलाय. त्याच सकाळी."

आलेख पांढराफटक पडला. "ट्रेजवळ त्या सकाळी मी होतो."

"होतास. म्हणून अजून चाळायचं. या यादीत यंत्राला न ओळखता आलेले किती तुकडे आहेत?"

"दोनेकशे."

"ते घरातल्या सगळ्या जनावरांशी ताडून बघ. कुत्रा, घोडा, ससा, जे असेल ते."

संगणक वीस मिनिटं घरघरला. मग पडद्यावर चार ओळी उमटल्या.

"मांजर," तो म्हणाला. "बाई, मला मांजर चालत नाही. अंगाला पित्त उठतं. मॅडमच्या खोलीतसुद्धा मी दारात उभा राहूनच बोलतो."

६

मॅडमनी चारही ओळी वाचल्या. नाकारायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. ही गोष्ट बाईंना सगळ्यात जास्त लागली.

"तुमची शिष्या म्हणून लाज वाटत असेल," मॅडम म्हणाल्या.

"लाज नंतर. आधी मला समजू दे. त्या मुलीला तू रोज तपासतेस?"

"रोज."

"आणि रोज तिला चुकीच्या गोळ्या देतेस."

"रोज वाटतं, उद्या सांगेन." मॅडम खिडकीकडे बघत बोलत होत्या. "मुलाला ऐकू येईना, तेव्हाही मी फायलीत लिहिलं, औषध चालू ठेवा. दोन वर्षं स्वतःच्या हातानं लिहिलं. पहिल्या नळीचा निकाल आला आणि मला वाटलं, हे खरं असेल तर तो टीबीनं गेला नाही, माझ्यामुळे गेला. हे खोटं ठरावं म्हणून मी काहीही केलं असतं, आणि केलं. त्या सकाळी ट्रेमधला कण उचलला आणि जेवणाच्या सुट्टीत डब्यातली नळी बदलली, खरी जाळायच्या कचऱ्यात टाकली. पाच मिनिटं लागली. मुलीच्या गोळ्या मी हळूच बदलणार होते, काहीतरी दुसरं कारण काढून."

"कधी?"

पहिल्या बाकावरच्या मुलीला उत्तर आलं नाही, असं बाईंनी पहिल्यांदाच पाहिलं.

"आज बदल. आत्ता."

"मला नाही बदलता येत. ती औषधं खास परवानगीची आहेत. संचालकांची सही लागते, आणि सहीला आधार लागतो."

"आधार माझ्या हातात आहे," बाई म्हणाल्या आणि कागद उचलून निघाल्या.

७

संचालकांनी अहवाल दोनदा वाचला आणि पालथा ठेवला.

"बाई, तुम्ही कमाल केलीत. पण हे मी असं घेतलं तर काय होईल सांगू? मुद्दाम केलेली लबाडी म्हटलं की नियम वेगळा. सगळे नमुने सीलबंद, सगळी वाचनं सीलबंद, पहिल्या नळीचं वाचनसुद्धा. बाहेरची समिती येईल, निदान दोन महिने. तोवर त्या वाचनाच्या आधारावर मी कशावरही सही करू शकत नाही."

"दोन महिने त्या मुलीला नाहीत."

"तेच म्हणतोय." संचालक खुर्चीत पुढे सरकले. "पण नजरचूक असेल, नळ्या भरताना झालेली अदलाबदल, तर तो आमचा घरचा मामला. एका पानाची दुरुस्ती करायची. पहिली नळी खरी, दुसरी चुकून भरलेली. मी आज दुपारी सही करतो."

"नळ्या भरतं कोण?"

संचालक टेबलावरचं पेन सरळ करत राहिले.

"लोकर नसल्याचा पुरावा माझ्या हातात आहे," बाई म्हणाल्या. "त्या माणसाचा यात केसाइतका दोष नाही. आणि तुम्ही मला सांगता, हाच दोषी लिहा?"

"मी काहीच सांगत नाही. अहवाल तुमचा आहे."

बाई चिडून बाहेर आल्या. दुसरं इस्पितळ? तिथं भावाचा कागद लागला असता आणि तो इथंच सीलबंद झाला असता. वर्तमानपत्र? कोर्ट? प्रत्येक वाटेला महिने लागत होते. त्यांनी आयुष्यभर चाळून खरं ते वेगळं काढलं होतं, आणि आज हातात आलेल्या खऱ्याचा उपयोग शून्य होता.

दाराबाहेर फ्रीजकाका उभे होते. दार नीट लागत नसे, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"माझा दोष नाही, एवढं नक्की ना, बाई?"

"नक्की. तुमच्या स्वेटरनं सिद्ध केलं."

काकांनी मोठा श्वास सोडला. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले.

"मग झालं. मला तेवढंच हवं होतं. आता लिहा, माझ्या हातून चूक झाली म्हणून."

"वेड लागलंय का तुम्हाला? नोकरी जाईल. एकतीस वर्षांच्या कामावर शाई ओतली जाईल."

"जाऊ दे. पण गोळ्या आज बदलतील ना?"

"काका, मी खोटं कधी लिहिलेलं नाही."

"मीही चूक कधी केली नाही," काका म्हणाले. "आज दोघांचंही व्हायचं होतं."

बाईंनी कागद भिंतीला टेकवला आणि लिहिलं. चार ओळी. लिहिताना त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

८

दुपारी अडीच वाजता सही झाली. कागदावर मॅडमचीही सही होती, शेवटच्या ओळीखाली, अक्षर नेहमीसारखं सुरेख.

औषधाच्या खिडकीपाशी मुलगी नव्या गोळ्यांचा डबा दोन्ही हातांत धरून उभी होती. खिडकीवाला कुठली कधी घ्यायची ते सांगत होता आणि ती त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होती. आईला कार्यालयात बोलावून सगळं सांगितलं होतं. फ्रीज सांभाळणाऱ्या माणसानं नळ्यांची अदलाबदल केली, त्यामुळे उशीर झाला, इस्पितळाला खेद आहे.

काका सामानाची पिशवी घेऊन मागच्या दारानं निघाले होते, पण मागचं दार दुपारी बंद असे. त्यांना खिडकीसमोरूनच जावं लागलं. कुणीतरी बोट दाखवलं.

आई त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"तुम्हीच ना ते?"

"हो, ताई."

"माझा मुलगा गेला. ही पण जाणार होती. एक नळी धड ठेवता आली नाही तुम्हाला? घरी पोरंबाळं आहेत ना?"

"आहेत."

"त्यांच्या तोंडाकडे बघवतं?"

चाळणीबाई जिन्यावरून धावत खाली आल्या. त्यांनी तोंड उघडलं. काकांनी आईच्या डोक्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. खिडकीत अजून दुसरा डबा द्यायचा होता. पुढच्या महिन्याचाही होता, त्याच्या पुढचाही, आणि प्रत्येकाला तोच कागद लागणार होता.

आईला बाई दिसल्या. ती वळली आणि बाईंचे दोन्ही हात हातांत घेऊन तिनं ते कपाळाला लावले.

"तुम्ही देवमाणूस आहात, बाई. तुम्ही आला नसतात तर हा माणूस पकडलाच गेला नसता."

बाईंना हात सोडवून घेता आले नाहीत.

"खरं आहे, ताई," काका म्हणाले आणि पिशवी उचलून चालू लागले.